गुणवत्ता शिष्यवृत्ती देणारी छोटी लिबरल आर्ट्स महाविद्यालये कशी शोधावीत?

ठाण्यातील एका पालकांचा प्रश्न असा आहे. मुलगी अकरावी विज्ञान शाखेत शिकते, गणित आणि तत्त्वज्ञान हे दोन्ही विषय तिला बरोबरीने शिकायचे आहेत, आणि त्यासाठी अमेरिकेतील दीड-दोन हजार विद्यार्थ्यांचे एखादे लिबरल आर्ट्स महाविद्यालय, म्हणजे विज्ञान आणि मानव्य विषय एकत्र शिकू देणारे पदवी महाविद्यालय, तिच्या मनात आहे. आई-वडील दोघेही नोकरी करतात. घरचे एकत्रित उत्पन्न वर्षाला ४० लाख रुपयांच्या आसपास असल्यामुळे ‘गरजू’ म्हणून आपल्याला काही मिळणार नाही असे ते धरून चालले आहेत, आणि वर्षाला २५ लाखांहून अधिक खर्च त्यांना झेपणारा नाही. म्हणून निव्वळ गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देणारी छोटी महाविद्यालये कोणती आणि ती शोधायची कशी, असे त्यांनी विचारले आहे.

नावांकडे वळण्याआधी या प्रश्नातील एक गृहीतक दुरुस्त करणे आवश्यक आहे. ठाण्यात ४० लाख हे चांगले उत्पन्न असले, तरी डॉलरमध्ये ते ५० हजारांच्याही आत राहते आणि अमेरिकी महाविद्यालयाच्या हिशेबात आपले कुटुंब गरजूच ठरते. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन यांसारखी मोजकी महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्याच्या अर्जाचा निर्णय घेताना त्याची आर्थिक स्थिती पाहत नाहीत. बाकी बहुतेक ठिकाणी ती पाहिली जाते, आणि ज्या मुलीला महाविद्यालयाला वर्षाला ५०-६० हजार डॉलरची मदत द्यावी लागेल तिला प्रवेश नाकारणे हा त्यांच्यासाठी सोपा मार्ग असतो. गुणवत्ता शिष्यवृत्तीची खरी किंमत येथे कळते. ती बहुधा प्रवेशाच्या अर्जासोबत आपोआप विचारात घेतली जाते, तिच्यासाठी घरच्या उत्पन्नाचे कागद द्यावे लागत नाहीत, आणि ती हवी असणे हे अर्जदाराच्या विरोधात मोजले जात नाही. आपण दोन्ही दारे उघडी ठेवावीत असे माझे मत आहे. मात्र अर्जात ‘गरजेवर आधारित मदत मागणार आहात का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देण्यापूर्वी त्या महाविद्यालयाचा नियम नीट वाचावा, कारण परदेशी विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी मदत मागितली नाही तर पुढील तीन वर्षेही ती मागता येत नाही, असा नियम अनेक ठिकाणी आहे.

आता मूळ मुद्दा. गुणवत्ता शिष्यवृत्ती हे नाव ऐकून आपल्या डोळ्यांसमोर बोर्डात पहिल्या आलेल्या मुलीचा सत्कार येतो. अमेरिकेतील खासगी महाविद्यालयांत मात्र तो प्रामुख्याने किंमत ठरवण्याचा प्रकार आहे. जाहीर शुल्क एक असते आणि प्रत्यक्षात घेतले जाणारे शुल्क निराळे असते. तेथील महाविद्यालयीन अर्थ-अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या वार्षिक पाहणीनुसार खासगी महाविद्यालये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्कात सरासरी निम्म्याहून अधिक सूट देतात, आणि या सुटीचा मोठा भाग शिष्यवृत्ती या भारदस्त नावाने दिला जातो. ज्या दिवशी लग्नाचा मुहूर्त नाही त्या दिवशी मंगल कार्यालयाचे भाडे जसे उतरते, तसे ज्या महाविद्यालयाला जागा भरण्याची चिंता आहे तेथे सूट वाढते. म्हणून शोधाची सुरुवात शिष्यवृत्त्यांच्या यादीपासून न करता, आपल्या मुलीसारखी विद्यार्थिनी कोणाला हवी आहे आणि तिच्यासाठी पैसे मोजण्याची तयारी कोणाची आहे, या प्रश्नापासून करावी.

या दृष्टीने पाहिले की सर्वांत प्रसिद्ध नावे लगेच बाजूला पडतात. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, बोडन, पोमोना, वेलस्ली, व्हॅसार, मिडलबरी या महाविद्यालयांना विद्यार्थी आकर्षित करण्यासाठी सूट देण्याची गरजच नाही. ती केवळ गरजेवर मदत देतात. हॅमिल्टन महाविद्यालयाने तर २००७ मध्ये गुणवत्ता शिष्यवृत्त्या बंद करून तो पैसा गरजू विद्यार्थ्यांकडे वळवण्याचे जाहीर केले. (जाता जाता सांगते, १८१३ मध्ये मुंबईत उतरून अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणारा गॉर्डन हॉल विल्यम्सचाच पदवीधर होता, तेव्हा या छोट्या महाविद्यालयांशी मराठी मुलखाचा संबंध वाटतो त्याहून जुना आहे.) आपल्याकडे क्रमवारीतील पहिली वीस नावे पाहून अर्ज करण्याची पद्धत आहे, आणि त्या वीस नावांपैकी बहुतेक ठिकाणी गुणवत्ता शिष्यवृत्ती नसते किंवा नगण्य असते. वॉशिंग्टन अँड ली आणि डेव्हिडसन हे ठळक अपवाद आहेत. त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे.

शोधायचे कोठे, याचे माझे उत्तर भूगोलापासून सुरू होते. न्यू इंग्लंड (अमेरिकेची ईशान्येकडील राज्ये) आणि कॅलिफोर्नियाचा किनारा सोडून मध्य-पश्चिम आणि दक्षिण भागाकडे वळावे, आणि तेथे एकेक महाविद्यालय हुडकत बसण्याऐवजी त्यांचे संघ पाहावेत. ग्रेट लेक्स कॉलेजेस असोसिएशन या संघात ओहायोतील ओबरलिन, केनियन, डेनिसन, वूस्टर आणि ओहायो वेस्लियन, इंडियानातील डीपॉ, अर्लहॅम आणि केवळ मुलांसाठी असलेले वॉबॅश, मिशिगनमधील कॅलमझू, होप आणि अ‍ॅल्बियन, पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅलिगेनी ही महाविद्यालये आहेत. असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट या संघात लॉरेन्स, बिलॉइट, नॉक्स, लेक फॉरेस्ट, सेंट ओलाफ, मॅकलेस्टर, ग्रिनेल, कार्लटन, को, लूथर आणि आयोवातील कॉर्नेल कॉलेज येतात. हे शेवटचे नाव न्यूयॉर्कमधील कॉर्नेल विद्यापीठाशी गल्लत करू नये असे आहे, येथे एका वेळी एकच विषय साडेतीन आठवडे शिकवला जातो. दक्षिणेकडील अशाच संघात केंटकीतील सेंटर, आर्कान्सामधील हेंड्रिक्स, मेम्फिसमधील ऱ्होड्स, टेनेसीतीलच सूवानी, साउथ कॅरोलायनातील फर्मन आणि टेक्सासमधील ट्रिनिटी व साउथवेस्टर्न आहेत. या तीन संघांतील जवळजवळ प्रत्येक महाविद्यालय काही ना काही गुणवत्ता शिष्यवृत्ती देते. कार्लटनसारखा अपवाद आहेच, तेथे गरजेवरील मदतीलाच प्राधान्य आहे. आणि मॅकलेस्टर गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देते त्याचबरोबर प्रवेश दिलेल्या विद्यार्थ्याची सिद्ध झालेली संपूर्ण गरजही भागवते, त्यामुळे आपल्यासारख्या कुटुंबाने ते नाव अवश्य पाहावे. मुलीला महिला महाविद्यालय चालणार असेल तर मॅसॅच्युसेट्समधील माउंट होल्योक आणि स्मिथ, जॉर्जियातील अ‍ॅग्नेस स्कॉट आणि कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स यांची भर घालावी. माउंट होल्योकच्या सर्वोच्च शिष्यवृत्तीत संपूर्ण शिक्षणशुल्क माफ होते.

एवढ्याने तीस-पस्तीस नावे हाती येतात. ती चाळण्यासाठी जे साधन आहे त्याची माहिती आपल्याकडील पालकांना क्वचितच असते. अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालये दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाची एकाच साच्यातील आकडेवारी प्रसिद्ध करतात. महाविद्यालयाच्या नावापुढे हे शब्द घालून शोधल्यास ती बहुधा सापडते; काही महाविद्यालये ती संस्थात्मक संशोधन विभागाच्या पानावर आतल्या कोपऱ्यात ठेवतात. हा पन्नासेक पानांचा दस्तऐवज अर्थसाहाय्याच्या ‘एच’ या भागापासून वाचायला घ्यावा. त्यातील एच२ या तक्त्याच्या पहिल्या ओळीत पहिल्या वर्षाचे एकूण विद्यार्थी दिलेले असतात आणि तिसऱ्या ओळीत त्यांपैकी किती जणांची आर्थिक गरज सिद्ध झाली तो आकडा असतो. पहिल्या ओळीतल्या आकड्यातून तिसऱ्या ओळीतला वजा केला की गरज सिद्ध न झालेले, म्हणजे ढोबळमानाने पूर्ण शुल्क भरू शकणारे विद्यार्थी मिळतात. त्यानंतरच्या एच२ए या तक्त्यात, अशा गरज नसलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना महाविद्यालयाने स्वतःच्या निधीतून शिष्यवृत्ती दिली आणि तिची सरासरी रक्कम किती, हे सांगितलेले असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षात ५०० विद्यार्थी आहेत आणि ३२० जणांची गरज सिद्ध झाली आहे, म्हणजे १८० जणांची झालेली नाही. एच२ए मध्ये १६५ हा आकडा आणि ३१ हजार डॉलर ही सरासरी असेल, तर या महाविद्यालयात पूर्ण शुल्क जवळजवळ कोणीच भरत नाही आणि शिष्यवृत्ती ही तेथील खरी किंमत आहे, असा त्याचा अर्थ. तेथे सर्वसाधारण चांगल्या विद्यार्थिनीलाही ३० हजारांच्या आसपास अपेक्षा ठेवता येते. त्याच जागी १२ हा आकडा आणि ४० हजार ही सरासरी दिसली, तर शिष्यवृत्ती मोठी असली तरी ती डझनभर मुलांच्याच वाट्याला येते आणि तिच्या भरवशावर अंदाजपत्रक मांडता येत नाही. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर दोन्ही ठिकाणी ‘उदार गुणवत्ता शिष्यवृत्त्या’ असेच छापलेले असते. माहितीपत्रकापेक्षा या दोन आकड्यांवर विश्वास ठेवावा.

भारतीय पारपत्र असलेल्या विद्यार्थ्याने यापुढे एक पायरी उतरावी. एच६ या तक्त्यात परदेशी विद्यार्थ्यांना संस्थेची मदत मिळते का, ती गरजेवर की गुणवत्तेवर, एकूण किती परदेशी विद्यार्थ्यांना मिळाली आणि सरासरी किती, हे स्वतंत्रपणे नोंदवलेले असते. काही महाविद्यालये नागरिकांना भरपूर सूट देतात आणि परदेशी विद्यार्थ्यांकडून पूर्ण शुल्क घेतात. अशी नावे एच६ पाहताच गळून पडतात. तेथील मदत मिळालेल्या विद्यार्थ्यांची संख्या ‘बी’ भागातील एकूण परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येशी ताडून पाहिली की चित्र पुरेसे स्पष्ट होते. ‘सी’ भागात किती जणांनी अर्ज केले, किती जणांना प्रवेश मिळाला आणि किती जण प्रत्यक्ष दाखल झाले हे असते. प्रवेश दिलेल्यांपैकी सहा-सातांतला एकच येत असेल तर त्या महाविद्यालयाला सूट देण्यावाचून गत्यंतर नाही, हे कळण्यासाठी अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

याच ‘सी’ भागात आपल्या मुलीची जागाही ठरते. दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या सॅट या प्रवेशपरीक्षेतील गुणांचे २५ आणि ७५ पर्सेंटाइलचे आकडे तेथे असतात. मोठी शिष्यवृत्ती हवी असेल तर मुलगी त्या वर्गाच्या वरच्या चतुर्थांशात असावी लागते. आता अनेक ठिकाणी सॅट ऐच्छिक आहे, तरी माझा आग्रह आहे की महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याने ती द्यावी आणि गुण ७५ पर्सेंटाइलच्या आकड्याजवळ असतील तर कळवावेत, कारण आयोवातील प्रवेश अधिकाऱ्याला बारावीचे ८६ टक्के म्हणजे नेमके काय याचा अंदाज येत नाही. शाळेचे परिचयपत्र, ज्यात गुण देण्याची पद्धत आणि वर्गातील गुणांची विभागणी दिलेली असते, ते आंतरराष्ट्रीय शाळांकडे तयार असते. राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयाकडे बहुधा नसते आणि ते पालकांनी प्राचार्यांसोबत बसून करून घ्यावे लागते.

कनिष्ठ महाविद्यालयाचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडील ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, प्रत्यक्ष शिकणे खासगी क्लासमध्ये, आणि महाविद्यालयात जाणे फक्त प्रात्यक्षिकांपुरते, ही व्यवस्था जेईई आणि नीटसाठी उपयोगी असेलही. छोट्या लिबरल आर्ट्स महाविद्यालयाच्या अर्जात मात्र ती घातक ठरते. तेथे शिक्षकांची शिफारसपत्रे बारकाईने वाचली जातात, आणि ज्या प्राध्यापकांनी मुलीला वर्गात कधी पाहिलेच नाही ते तिच्याविषयी ‘हुशार व मेहनती’ यापलीकडे काय लिहिणार? आपली मुलगी आत्ता अकरावीत आहे, त्यामुळे वेळ गेलेली नाही. गणिताच्या आणि भाषेच्या एकेका शिक्षकाशी तिचा खरा परिचय होईल, ती वर्गात प्रश्न विचारेल, एखादा निबंध किंवा छोटा प्रकल्प त्यांना दाखवेल, याची व्यवस्था या वर्षीच करावी. मोठ्या शिष्यवृत्त्यांच्या निवडीत दोन सारख्या गुणांच्या अर्जांत फरक पडतो तो अशाच पत्रांनी.

शिष्यवृत्त्यांचे ढोबळ तीन प्रकार पडतात आणि प्रत्येकासाठी नियोजन वेगळे लागते. पहिल्या प्रकारात शिष्यवृत्ती प्रवेशपत्रासोबतच येते, तिच्यासाठी निराळे काही करावे लागत नाही. वर सांगितलेल्या बहुतेक महाविद्यालयांची मुख्य सूट याच प्रकारची असते. दुसरा प्रकार कौशल्यावर आधारित असतो: संगीत, नाट्य, चित्रकला. लॉरेन्स आणि ओबरलिन येथे स्वतंत्र संगीत विद्यालये आहेत, आणि सेंट ओलाफ येथे संगीत हा मुख्य विषय नसलेल्यांनाही संगीत शिष्यवृत्ती मिळू शकते. हिंदुस्थानी गायन किंवा तबला शिकणाऱ्या मुलांनी ध्वनिमुद्रण पाठवता येईल का हे संगीत विभागाला थेट विचारावे, कारण निवड-चाचण्यांचे नियम पाश्चात्त्य वाद्ये डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. खेळांबाबत एक गैरसमज दूर करते. ही छोटी महाविद्यालये बहुतांशी राष्ट्रीय क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या विभागात खेळतात आणि त्या विभागात क्रीडा शिष्यवृत्ती देण्यास बंदी आहे. राज्यस्तरीय बॅडमिंटन प्रवेशासाठी उपयोगी पडेल, शुल्कासाठी थेट नाही.

तिसरा प्रकार स्पर्धेचा. वॉशिंग्टन अँड लीची जॉन्सन शिष्यवृत्ती त्यात सर्वांत लक्षणीय आहे. रूपर्ट जॉन्सन या माजी विद्यार्थ्याने २००७ मध्ये दिलेल्या १० कोटी डॉलरच्या देणगीतून ती उभी राहिली. दरवर्षी दाखल होणाऱ्या वर्गातील सुमारे १० टक्के विद्यार्थ्यांना ती मिळते आणि तिच्यात किमान शिक्षणशुल्क, निवास आणि भोजन यांचा समावेश असतो. डेव्हिडसनची बेल्क, ऱ्होड्सची बेलिंग्रॅथ, हेंड्रिक्सची हेज, सेंटरची लिंकन आणि रिचमंड विद्यापीठाची रिचमंड स्कॉलर्स या त्याच जातीच्या. यांना वेगळे निबंध, मुलाखती, कधी महाविद्यालयात दोन-तीन दिवसांचा मुक्काम असतो, आणि त्यांची मुदत नेहमीच्या प्रवेशाच्या मुदतीआधी, बहुधा नोव्हेंबर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला संपते. जानेवारीत जागे होणाऱ्या घरांना या शिष्यवृत्त्या उपलब्धच नसतात. परदेशी विद्यार्थी पात्र आहेत की नाहीत हे प्रत्येकीच्या नियमात स्वतंत्रपणे पाहावे. आपण यांपैकी दोन किंवा तीनसाठीच प्रयत्न करावा. प्रत्येक अर्ज नीट लिहायला किमान पंधरवडा लागतो आणि बारावीचे वर्ष आहे.

प्रवेशाच्या वेळापत्रकाबाबत एवढेच सांगते की बंधनकारक लवकर निर्णयाचा मार्ग, म्हणजे प्रवेश मिळाल्यास तेथेच जाण्याचे आधीच कबूल करणे, हा शिष्यवृत्ती शोधणाऱ्यांसाठी नाही. ज्याने येण्याचे वचन आधीच दिले आहे त्याला जास्त सूट देण्याचे कारण महाविद्यालयाला उरत नाही आणि आपल्याकडे तुलनेला दुसरा प्रस्ताव नसतो. बंधन नसलेला लवकर अर्ज मात्र जेथे असेल तेथे जरूर करावा. त्याबरोबर, छोटी महाविद्यालये अर्जदाराला खरोखर रस आहे का हे पाहतात (याचीही नोंद ‘सी’ भागात असते), म्हणून त्यांच्या ऑनलाइन माहिती-सत्रांना मुलीने स्वतः हजर राहावे आणि पत्रव्यवहारही तिनेच करावा. वडिलांच्या मेलवरून आलेले प्रश्न प्रवेश कार्यालयाला लगेच ओळखू येतात.

न्यू जर्सी किंवा बे एरियातील मराठी कुटुंबांची स्थिती थोडी निराळी आहे. मुले नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असल्यास त्यांना संघराज्याच्या आर्थिक मदतीसाठीचा फाफ्सा हा अर्ज भरता येतो, आणि २००८ च्या कायद्यानुसार २०११ पासून प्रत्येक महाविद्यालयाला संकेतस्थळावर ठेवावे लागणारे निव्वळ खर्चाचे गणनयंत्र त्यांच्यासाठी विश्वासार्ह असते. दोघांचे चांगले पगार आणि घराची वाढलेली किंमत यांमुळे या घरांची गरज शून्य ठरते, म्हणून त्यांच्यासाठी गुणवत्ता शिष्यवृत्ती हाच एक मार्ग उरतो आणि एच२ए हा तक्ता अक्षरशः त्यांच्यासाठीच बनलेला आहे. भारतातील पालकांनाही या गणनयंत्राचा एक उपयोग आहे: ते मुलीचे गुण विचारत असेल तर तेथे गुणांवर सूट मिळते हे उघड आहे, आणि उत्तरात येणारा गुणवत्ता शिष्यवृत्तीचा आकडा दिशादर्शक म्हणून टिपून ठेवता येतो.

शिष्यवृत्तीच्या आकड्याने दिपून जाऊ नये. एका ठिकाणी ३८ हजारांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एकूण खर्च ८२ हजार असेल, तर ४४ हजार भरायचे आहेत. दुसरीकडे १२ हजारांचीच मिळाली पण एकूण खर्च ४० हजार असेल, तर २८ हजार. मिझुरीतील ट्रुमन स्टेटसारखी सरकारी लिबरल आर्ट्स विद्यापीठे या कारणासाठी यादीत असावीत, त्यांचे जाहीर शुल्कच कमी असते. खर्च चारही वर्षांचा मांडावा. समजा पहिल्या वर्षी एकूण खर्च ७२ हजार आणि शिष्यवृत्ती ३४ हजार आहे, म्हणजे ३८ हजार भरायचे. शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा चार वर्षे तीच राहते आणि खर्च मात्र वाढत जातो. तो दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढला, तर चौथ्या वर्षी आपण ४७ हजार भरत असाल आणि चार वर्षांची बेरीज १ लाख ५२ हजारांऐवजी १ लाख ७० हजारांच्या घरात जाईल. रुपयाची घसरण यात धरलेली नाही. नूतनीकरणाची अटही पाहावी. समाधानकारक प्रगती एवढीच अट असेल तर चिंता नाही; ४ पैकी ३.५ सरासरी टिकवण्याची अट असेल तर गणिताच्या विद्यार्थिनीसाठी ती पहिल्याच सत्रात जड जाऊ शकते. शिवाय निवास-भोजनाला लागू होणारा शिष्यवृत्तीचा भाग परदेशी विद्यार्थ्यासाठी करपात्र असतो, तेव्हा संपूर्ण खर्चाची शिष्यवृत्ती मिळाली तरी थोडा कर भरावा लागू शकतो.

जे महाविद्यालय भरमसाट सूट देते ते किती दिवस देऊ शकेल, हाही विचार करावा. अलाबामातील १८५६ मध्ये स्थापन झालेले बर्मिंगहॅम-सदर्न महाविद्यालय मे २०२४ अखेर बंद झाले. न्यूयॉर्कमधील वेल्स महाविद्यालयाने सत्र संपायला काही आठवडे उरले असताना बंद होत असल्याचे जाहीर केले. व्हर्जिनियातील स्वीट ब्रायर २०१५ मध्ये बंद होणार होते, ते माजी विद्यार्थिनींच्या लढ्यामुळे वाचले. अशा वेळी विद्यार्थ्यांना दुसरीकडे सामावून घेतले जाते, पण परदेशी विद्यार्थिनीला व्हिसा, शिष्यवृत्ती आणि विषयांचे श्रेयांक यांची घडी पुन्हा बसवावी लागते. प्रवेशसंख्या पाच वर्षांत किती घटली, दर विद्यार्थ्यामागे कायम निधी किती आहे, मान्यता देणाऱ्या संस्थेने काही इशारा दिला आहे का, आणि सलग तोट्याची वर्षे आहेत का, हे पाहावे. ना-नफा महाविद्यालयांची ९९० क्रमांकाची वार्षिक करविवरणपत्रे सर्वांसाठी खुली असतात. एक तोट्याचे वर्ष कोणालाही येते. सलग तोटे आणि घटती संख्या एकत्र दिसली तर ते नाव मी यादीतून काढते, शिष्यवृत्ती कितीही मोठी असो.

आपल्या शहरातील परदेशी शिक्षण सल्लागाराकडून ही नावे ऐकू येतील अशी अपेक्षा ठेवू नका. अनेक सल्लागारांचे उत्पन्न विद्यापीठांकडून मिळणाऱ्या दलालीवर चालते आणि ही छोटी महाविद्यालये ती सहसा देत नाहीत. भारतातील नामांकित शिष्यवृत्त्यांचाही येथे फारसा उपयोग नाही: १८९२ मध्ये सुरू झालेली जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहे. पुण्याजवळ मुळशी येथील महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्यांना डेव्हिस यूडब्ल्यूसी कार्यक्रमाची मदत सहभागी महाविद्यालयांत गरजेनुसार मिळते, ती यूडब्ल्यूसीबाहेरील विद्यार्थ्यांसाठी नाही. तरी त्या कार्यक्रमातील महाविद्यालयांची यादी आपणही पाहावी, कारण परदेशी विद्यार्थ्यांना सांभाळण्याची आणि पैसे देण्याची सवय असलेली छोटी महाविद्यालये तेथे एकत्र सापडतात.

आपल्या मुलीसाठी मी दहा अर्जांची यादी करेन. त्यात पाच ते सहा महाविद्यालये अशी असतील की जेथे एच२ए आणि एच६ दोन्ही अनुकूल आहेत आणि तिचे गुण वरच्या चतुर्थांशात बसतात. वूस्टर, लॉरेन्स, नॉक्स, बिलॉइट, डीपॉ, हेंड्रिक्स यांसारख्या नावांपासून सुरुवात करून ताज्या आकड्यांनी ती तपासावीत. दोन-तीन ठिकाणी स्पर्धात्मक मोठी शिष्यवृत्ती, आणि एक-दोन ठिकाणी मॅकलेस्टर किंवा ग्रिनेलसारखी गरज भागवणारी महाविद्यालये, जेथे प्रवेशच कठीण आहे. प्रत्येक प्रवेश कार्यालयाला अर्जापूर्वी मुलीने एक छोटे पत्र लिहावे: परदेशी विद्यार्थ्यांना गुणवत्तेवर जास्तीत जास्त किती मिळते, त्यावर गरजेची मदत जोडता येते का, बाहेरची शिष्यवृत्ती मिळाल्यास महाविद्यालय आपली रक्कम कमी करते का, आणि नूतनीकरणाची अट काय. उत्तर कोणत्या स्वरात आणि किती दिवसांत येते, तेही टिपून ठेवावे.

मार्चअखेर प्रस्ताव हाती आले की ते एका कागदावर निव्वळ खर्चाच्या क्रमाने मांडावेत. आवडीचे महाविद्यालय काही हजारांनी महाग पडत असेल, तर त्याच दर्जाच्या दुसऱ्या महाविद्यालयाचे पत्र जोडून फेरविचाराची विनंती करता येते. भाषा नम्र आणि आकडा नेमका असावा. अशा विनंतीने दोन-पाच हजारांचा फरक पडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, वीस हजारांचा पडेल असे धरू नये. बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत अनामत भरून होकार कळवायचा असतो. त्याआधी शिष्यवृत्तीची रक्कम, मुदत आणि अट लेखी पत्रात आहे याची खात्री करावी, कारण पुढे विद्यार्थी व्हिसासाठी महाविद्यालय देते त्या आय-२० या कागदावर पहिल्या वर्षाचा खर्च आणि त्यातील महाविद्यालयाचा वाटा यांचा आकडा येतो, आणि उरलेल्या रकमेचे पुरावे, बँकेतील ठेव किंवा मंजूर शैक्षणिक कर्ज, मुंबईतील व्हिसा मुलाखतीपूर्वी तयार ठेवावे लागतात.